न्याय मिळाला, पण कळला काय?

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारास उच्च न्यायालयाची पायरी चढावयाची झाली तर पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची वाट धरावी लागे. १७ ऑगस्ट २०२५ रोजी त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले, दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले आणि त्या भागातील वकीलवर्गाने व नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ चालविलेल्या चळवळीस फळ आले. रात्रीचा प्रवास, मुंबईतील मुक्काम, खर्चाचा बोजा आणि दुसऱ्या दिवशी पुढली तारीख घेऊन परतणे, हे दुष्टचक्र पुष्कळ अंशी थांबले. न्यायदेवता पक्षकाराच्या गावाकडे चार पावले चालत आली, याबद्दल ज्याला समाधान वाटणार नाही असा मनुष्य विरळा.

तथापि पक्षकार आणि न्याय यांच्यामधील अंतर केवळ मैलांचेच असते काय, हा प्रश्न या निमित्ताने विचारावयास हवा. न्यायालय घरापासून हाकेच्या अंतरावर असावे, आपल्याच दाव्याचा पुकारा व्हावा, आपल्याच शेताविषयी दोन वकिलांनी तासभर वाद घालावा, न्यायाधीशांनी निकाल द्यावा, आणि त्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल हाती पडल्यावर ती वाचून घेण्यासाठी पक्षकाराने गावातील शिकलेला मुलगा शोधीत फिरावे, हे दृश्य महाराष्ट्रात आजही दुर्मीळ नाही. अंतर संपले, पण आडपडदा उरला. तो पडदा भाषेचा आहे, आणि तो दूर करण्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही की नवा कायदाही करावा लागत नाही. म्हणूनच तो इतकी वर्षे तसाच राहावा, ही अधिक खेदाची गोष्ट होय.

नवा कायदा लागत नाही असे आम्ही म्हणतो, ते जपून म्हणतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३७ अन्वये उच्च न्यायालयाच्या अधीन असलेल्या न्यायालयांची भाषा ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारास आहे. फौजदारी न्यायालयांपुरता तोच अधिकार पूर्वीच्या संहितेच्या कलम २७२ मध्ये होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३०७ मध्ये तो कायम आहे. महाराष्ट्र शासनाने २१ जुलै १९९८ रोजी अधिसूचना काढून कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे जाहीर केले. पुढे २००५ मध्ये उच्च न्यायालयानेही परिपत्रक काढून या न्यायालयांतील निदान निम्मे निकाल मराठीत लिहिले जावेत असे सुचविले. कल्याणचे ज्येष्ठ वकील शांताराम दातार यांच्यासारख्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी मराठीचे पुरेसे ज्ञान ही नियमाने घातलेली अट आहे. म्हणजे न्यायाधीशास मराठी येते, वकिलास मराठी येते, दोन्ही पक्षकारांना मराठी येते, साक्षीदारास मराठीच येते, आणि न्यायालयाची भाषा कायद्याने मराठी आहे. असे असता निकाल इंग्रजीत का उतरतो, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ते सवयीत सापडेल.

सर्वत्र असेच घडते असे मात्र कोणी समजू नये. तालुक्याच्या न्यायालयांतून आजही असंख्य दावे व कैफियती मराठीत दाखल होतात, जाबजबाब मराठीत टंकित होतात, रोजनामा मराठीत लिहिला जातो, आणि उत्तम मराठीत निकाल लिहिणारे न्यायाधीशही आहेत. त्यांचे मोल आम्ही जाणतो. परंतु प्रकरण जसजसे गुंतागुंतीचे होते, न्यायालय जसजसे मोठे होते आणि वकील जसजसा नामांकित होतो, तसतशी मराठी मागे सरते व इंग्रजी पुढे येते. जणू साध्यासुध्या कामाला मराठी आणि महत्त्वाच्या कामाला इंग्रजी, असा एक अलिखित संकेतच पडून गेला आहे. पक्षकाराच्या दृष्टीने पाहिले तर याचा अर्थ असा होतो की, प्रकरण जितके त्याच्या जिवावर बेतणारे, तितके ते त्याला कमी कळणार.

हे सारे भाषाभिमानाचे रडगाणे आहे असे कोणास वाटण्याचा संभव आहे. म्हणून एक अगदी साधे प्रकरण घेऊ. शेताकडे जाणारा बैलगाडीचा रस्ता शेजाऱ्याने बांध घालून अडविला, अशा तऱ्हेचे दावे महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक तालुक्यात चालू असतात. वादीचे म्हणणे एवढेच असते की, जमीन शेजाऱ्याची असली तरी तिच्यातून जाण्याची वहिवाट आपल्या वाडवडिलांपासूनची आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड व हक्काने केलेली अशी वहिवाट हा एक पक्का हक्क होतो. मात्र एक अट आहे. हा हक्क दुसऱ्याच्या जमिनीवरच असू शकतो. स्वतःच्या जमिनीतून जाण्यासाठी कोणास वहिवाटीच्या हक्काची गरज नसते; सबब जो मनुष्य रस्त्याची जागाच आपल्या मालकीची असल्याचे सांगतो, त्याचा वहिवाटीचा दावा तेथेच डळमळू लागतो.

आता हा वादी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर दिवाणी दाव्यात सरतपास तोंडी होत नाही. साक्षीदाराने प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. ते वकिलाच्या कचेरीत तयार होते, आणि पुष्कळदा इंग्रजीत तयार होते. त्यावर वादी सही करतो किंवा अंगठा उठवितो. मजकूर वाचून व समजावून सांगितल्याची एक ओळ शेवटी असते. ती किती वेळा खरी असते, हे आम्ही सांगण्यापेक्षा वकीलमंडळींनीच मनाशी पडताळून पाहावे. मग उलटतपास सुरू होतो. प्रतिपक्षाचा वकील विचारतो, “हा रस्ता तुमचाच आहे ना?” वादी छाती पुढे काढून म्हणतो, “होय, आमचाच आहे.” न्यायाधीश लघुलेखकास इंग्रजीत वाक्य सांगतात, आणि कागदावर उतरते ते असे, की रस्ता वादीच्या मालकीचा असल्याचे वादीने कबूल केले.

वादी खोटे बोलला काय? मुळीच नाही. मराठीतील ‘आमचा’ या शब्दाचे क्षेत्र मालकीपेक्षा फार मोठे आहे. आमचे गाव, आमची नदी, आमचा देव, आमची एस. टी. असे आपण रोज म्हणतो. ‘आमची शाळा’ म्हणणारे पोर शाळेच्या इमारतीवर मालकी सांगत नसते. षष्ठी विभक्तीने केवळ स्वामित्व दाखविले जात नाही, संबंध दाखविला जातो, हे मराठी चौथीतल्या विद्यार्थ्यालाही अनुभवाने ठाऊक असते. जबाब मराठीत जसाच्या तसा उतरविला असता, तर वरिष्ठ न्यायालयातील न्यायाधीशांना तो शब्द वाचून वादीला काय म्हणावयाचे होते याचा अदमास करता आला असता. इंग्रजीच्या गाळणीतून गेल्यावर शब्द नाहीसा झाला, उरला तो त्याचा एक अर्थ, आणि तोही नेमका चुकीचा. एका विभक्तिप्रत्ययाने पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट बुडू शकते, ती अशी. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेत बोलत असेल तर त्याची साक्ष त्याच भाषेत नोंदली जावी, असे तत्त्व प्रक्रियेच्या कायद्यांनी घालून दिले आहे, त्यामागील शहाणपण हेच.

याच रस्त्याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. हाच वादी दिवाणी न्यायालयात न जाता तहसील कचेरीत गेला असता, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अथवा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली त्याला रस्त्याबद्दल अर्ज करता आला असता. तेथे अर्ज मराठीत, जबाब मराठीत, पंचनामा मराठीत, नकाशावरील खुणा मराठीत आणि तहसीलदाराचा आदेशही मराठीत. गट नंबर, चतुःसीमा, सात-बारा, फेरफार, बांध, पाणंद यांपैकी एकाही शब्दावाचून तेथे अडत नाही. रस्ता तोच, शेजारी तोच, भांडण तेच. परंतु एका इमारतीत ते मराठीत सुटू शकते आणि शेजारच्या इमारतीत त्यासाठी सातासमुद्रापलीकडील भाषा लागते, याची उपपत्ती कशी लावावयाची? मराठीत कायद्याचे काम होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकवार तहसील कचेरीच्या ओसरीवर जाऊन बसावे, अशी आमची सूचना आहे.

दिवाणी दाव्यांपेक्षा फौजदारी खटल्यांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे मालमत्तेऐवजी माणसाचे स्वातंत्र्य पणास लागलेले असते. निकालपत्र न्यायालयाच्या भाषेत लिहिलेले असावे, असे कायदा सांगतो. नुसता आदेशाचा भाग वाचून निकाल दिला जात असेल, तर त्याचा सारांश आरोपीस अथवा त्याच्या वकिलास समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, असेही तो सांगतो. इतकेच नव्हे, तर आरोपीने इच्छा दर्शविल्यास निकालाचे भाषांतर, शक्य असेल तर त्याच्या स्वतःच्या भाषेत, अन्यथा न्यायालयाच्या भाषेत, विनाविलंब दिले पाहिजे, आणि अपील होऊ शकणाऱ्या प्रकरणात अशी प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, अशी तरतूद पूर्वीच्या संहितेत होती. नव्या संहितेच्या कलम ४०४ मध्येही ती आहे. हा हक्क किती जणांना ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक असावयास हवा ते तुरुंगाच्या भिंतीआड असतात, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची गरज नसते.

रोजच्या व्यवहारातील आणखी एक उदाहरण देऊ. धनादेश न वटल्याची नोटीस आज लहान दुकानदारापासून गृहिणीपर्यंत कोणालाही येऊ शकते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर खटला टळतो. न दिले तर तुरुंगाचे दार दिसू शकते. ही नोटीस सर्रास इंग्रजीत येते. ती कोणाकडून तरी वाचून घेण्यात, ‘बघू नंतर’ म्हणून उशाखाली ठेवण्यात चारसहा दिवस जातात, आणि पंधरा दिवस म्हणजे मोजून पंधरा दिवस. दिवाणी दाव्याचे समन्स आल्यावर कैफियत देण्यास तीस दिवस आणि लांबवून फार तर नव्वद दिवस. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद. कायद्याचे सारे घड्याळ असे दिवसांवर चालते. ज्याला कागद वाचता येतो त्याचे घड्याळ पहिल्या दिवशी सुरू होते. ज्याला येत नाही त्याचे हात-पाय दहाव्या दिवशी हालू लागतात. कायद्यापुढे सर्व समान, हे सूत्र अशा वेळी आपोआप लंगडे पडते.

आणि लोकअदालत? तेथील तडजोडीस दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, आणि तिच्याविरुद्ध अपील नसते. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण अधिनियमाने हे ठरवून दिले ते योग्यच झाले, कारण भांडण कोठेतरी संपले पाहिजे. परंतु जो करार उलटविता येत नाही, तो करण्यापूर्वी नीट वाचता आला पाहिजे, एवढी अट तरी असावी की नाही? तडजोडीची पुरसीस इंग्रजीत टंकित करून तीवर पक्षकाराची सही घेतली जात असेल, तर तो समेट दोन पक्षकारांमध्ये झाला की दोन वकिलांमध्ये, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यावर रागावून चालणार नाही.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार न करता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला आक्षेप असा की, उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निर्णय इंग्रजीत असतात, आणि वकिलाने त्यांचे दाखले द्यावयाचे तर इंग्रजी टळत नाही. हे खरे आहे. परंतु दाखला इंग्रजीत उद्धृत केला म्हणून सारा निकाल इंग्रजीतच लिहिला पाहिजे असे कोठे आहे? संस्कृत ग्रंथांतील वचने उद्धृत करीत मराठीत शास्त्रार्थ सांगण्याची परंपरा आपल्याकडे शतकानुशतकांची आहे. वचन मूळ भाषेत राहिले, त्याचा अर्थ लोकभाषेत आला, आणि त्याने शास्त्राचे काही बिघडले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रकरण वर गेले, विशेषतः सर्वोच्च न्यायालयात गेले, की प्रत्येक मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. त्यात वेळ जातो व पैसा खर्च होतो. हा खर्च खरा आहे, आणि तो पक्षकाराच्या माथी मारणे योग्य नाही. तो शासनाने उचलला पाहिजे. पण तालुक्यात लागलेल्या निकालांपैकी दिल्लीपर्यंत जाणारे किती? बहुसंख्य भांडणे तालुक्यात किंवा जिल्ह्यातच मिटतात. दिल्लीस जाणाऱ्या थोड्यांच्या सोयीसाठी गावातच राहणाऱ्या सर्वांची गैरसोय करणे, हा न्याय उफराटा झाला.

तिसरा आक्षेप परिभाषेचा. हा आक्षेप ऐकला की आम्हांस नवल वाटते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू’ हा शासनव्यवहाराचा बहुभाषी कोश १९३१ साली प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी संज्ञांना मराठीसह अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द दिलेले आहेत. राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश सिद्ध केला. १९७३ साली संसदेने खास कायदा करून राष्ट्रपतींच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील भाषांतरांस प्राधिकृत पाठाचा दर्जा दिला. आणि या साऱ्या कोशांच्या कितीतरी आधीपासून दावा, कैफियत, वकालतनामा, जामीन, हुकूमनामा, दरखास्त, मुखत्यारपत्र, साठेखत, खरेदीखत, मनाई हुकूम हे शब्द जनतेच्या जिभेवर खेळत आहेत. ‘निशाणी पाचचा अर्ज’ म्हटले की तो तातडीच्या मनाई हुकमाचा, हे न्यायालयात दोन खेपा घातलेल्या शेतकऱ्यासही सांगावे लागत नाही. शब्दांचा दुष्काळ नाही. ते वापरण्याच्या इच्छेचा आहे.

येथे मराठीच्या कैवाऱ्यांनाही दोन शब्द स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. मराठी लिपीत लिहिले म्हणजे ते मराठी माणसास समजतेच, असा जो समज आहे तो भ्रामक आहे. “उपरिनिर्दिष्ट प्रतिवादीने सदरहू स्थावर मिळकतीच्या निर्वेध उपभोगात अवैध व्यत्यय आणण्यापासून स्वतःस परावृत्त ठेवावे” असे वाक्य लिहून त्यावर मराठीची मोहोर उठविली, तर इंग्रजी काय वाईट होते असे पक्षकार विचारील. “प्रतिवादीने वादीच्या जमिनीच्या वहिवाटीस हरकत करू नये” एवढ्याने काम भागते, आणि ते हुकमाच्या अंमलबजावणीसाठी जाणाऱ्या बेलिफासही कळते. फारसी-अरबीतून आलेले परंतु चार शतके मराठीत मुरलेले शब्द केवळ परके म्हणून हुसकावून लावण्याचा हव्यासही न्यायालयात तरी नको. ‘वकील’ हा शब्द ज्याला समजत नाही असा मराठी मनुष्य शोधून सापडणार नाही. ‘विधिज्ञ’ समजत नाहीत असे पुष्कळ सापडतील. सातवी उत्तीर्ण झालेल्या माणसाने आपला निकाल एकदा वाचावा आणि आपण जिंकलो की हरलो, आणि का, हे त्याला सांगता यावे. न्यायालयीन मराठीची यापेक्षा निराळी कसोटी नाही.

उच्च न्यायालयाची भाषा कोणती असावी, हा प्रश्न आम्ही येथे मुद्दामच बाजूस ठेवीत आहो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ ने तेथे इंग्रजीची योजना केली आहे; राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांना राज्याची भाषा योजता येते, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार येथे हिंदीस १९५० ते १९७२ या काळात तशी अनुमती मिळाली. इतर काही राज्यांनी आपापल्या भाषांसाठी केलेल्या मागण्या २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्या नाहीत. हा वाद घटनेचा आहे, राष्ट्रीय एकात्मतेचा आहे, न्यायाधीशांच्या बदल्यांचा आहे, आणि तो दीर्घकाळ चालेल. पण कळसाचा वाद मिटेपर्यंत पायाचे काम थांबवून ठेवण्याचे कारण काय? तालुका व जिल्हा न्यायालयांत मराठीस आडकाठी करणारा घटनेत एकही शब्द नाही.

अलीकडे यंत्राच्या साहाय्याने भाषांतर करण्याचा मार्ग पुढे आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून आपले निवडक निर्णय मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्यास आरंभ केला, हे स्वागतार्ह पाऊल होय. मात्र अशा भाषांतरांखाली ते केवळ पक्षकारास समजावे म्हणून आहे, सर्व व्यवहारांसाठी इंग्रजी पाठच प्रमाण मानावा, असा इशारा छापलेला असतो, आणि तो रास्तही आहे. इंग्रजीत अपिलास परवानगी देण्यासाठी जो शब्द वापरतात, तोच रजेसाठीही वापरतात. यंत्राने अपिलाच्या परवानगीचे ‘रजा मंजूर’ असे भाषांतर केले, तर न्यायाधीश रजेवर गेले असे समजून पक्षकार घरी जावयाचा! यंत्र मदतनीस म्हणून चांगले आहे. परंतु जो निकाल मराठी न्यायाधीशाने, मराठी साक्षी ऐकून, मराठी पक्षकारांसाठी लिहावयाचा, तो आधी इंग्रजीत लिहून मग यंत्राकरवी मराठीत आणणे म्हणजे आपल्याच आडाचे पाणी परगावच्या पखालीतून आणण्यासारखे आहे.

मग करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. एक, साक्षीदारास जी भाषा वाचता अथवा बोलता येते, त्याच भाषेत त्याचे प्रतिज्ञापत्र असावे, असा आग्रह प्रत्येक न्यायाधीशाने धरावा. दोन, निकाल इंग्रजीत लिहिणे अपरिहार्य झालेच, तर त्याच्या आरंभी मुद्दा काय होता, कोणाच्या बाजूने ठरला, का ठरला आणि पुढे अपील किती दिवसांत व कोठे करता येते, हे सांगणारे एक पान साध्या मराठीत असावे, आणि नकलेबरोबर ते पान पक्षकाराच्या हाती पडावे. तीन, विधी महाविद्यालयांत मराठीतून दावा, कैफियत, नोटीस व प्रतिज्ञापत्र लिहिण्याचे रीतसर शिक्षण द्यावे व त्याची परीक्षा घ्यावी. आज हे शिक्षण तरुण वकील कसेबसे कारकुनाकडून घेतो. चार, शासनाने मराठी लघुलेखक व टंकलेखक पुरेशा संख्येने नेमावेत आणि वरच्या न्यायालयात लागणाऱ्या भाषांतराचा भार स्वतः उचलावा. लघुलेखक नाही म्हणून भाषा नाही, ही सबब १९९८ साली कदाचित चालली असती. आज चालू नये.

परंतु यांतील सर्वांत मोठा वाटा वकीलवर्गाचा आहे, हे आम्ही त्या वर्गाविषयीच्या पूर्ण आदराने सांगतो. सार्वजनिक जीवनातील कित्येक पुढारी महाराष्ट्राला याच व्यवसायाने दिले. इंग्रजी कागदामुळे वकिलावाचून पक्षकाराचे पान हलत नाही, आणि म्हणून इंग्रजी टिकविली जाते, असा आरोप लोक कुजबुजत करतात. आम्हांस तो सरसकट मान्य नाही. वकिलाची गरज भाषेमुळे नसून कायद्याच्या ज्ञानामुळे असते, आणि रोगाचे नाव रोग्यास कळले म्हणून वैद्याचा धंदा बसत नाही. उलट, ज्याला आपल्या वकिलाने काय लिहिले हे वाचता येते, तो वकिलाच्या श्रमाची किंमत अधिक जाणतो. हा आरोप खोटा पाडणे वकीलवर्गाच्याच हाती आहे, आणि तालुक्याच्या वकील संघाने एका वर्षासाठी मराठी मसुद्यांचा संकल्प सोडला तर तो वर्षभरात खोटा पडेल.

पक्षकारांचेही काही कर्तव्य आहे. न समजलेल्या कागदावर सही करू नये. “यात काय लिहिले आहे ते मराठीत वाचून दाखवा” असे म्हणण्यास संकोच करू नये. तसे म्हणणे हा अडाणीपणा नसून सावधपणा आहे. दिवाणी दाव्यात इंग्रजी न जाणणाऱ्या पक्षकारास किंवा त्याच्या वकिलास, मागणी केल्यास, न्यायालयातील इंग्रजी लिखाणाचे न्यायालयाच्या भाषेतील भाषांतर मिळण्याची तरतूद कलम १३७ मध्येच आहे. मागणी केल्यास, हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो मागत नाही, त्याच्यासाठी कायदा आपण होऊन उठत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा गावोगाव आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु भाषेची थोरवी शिलालेखांवर आणि प्राचीन ग्रंथांवर जितकी अवलंबून असते, तितकीच ती आज त्या भाषेत कोणती जबाबदारीची कामे होतात, यावरही असते. ज्या भाषेत ओवी गाता येते, पण जप्तीचा हुकूम वाचता येत नाही, ती भाषा बोलणारा मनुष्य आपल्याच घरात पाहुणा ठरतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले. त्या म्हणीत खर्चाचे भय आहे, विलंबाचे भय आहे, आणि तिच्या तळाशी न समजणाऱ्या कारभाराचेही भय आहे. पहिली दोन भये दूर करण्यास पैसा लागेल, न्यायाधीश लागतील, वर्षे लागतील. तिसरे भय दूर करण्यास केवळ लेखणी उचलणाऱ्याचा निश्चय लागतो. कोल्हापुरास न्यायालय आणण्यास चार दशके लागली. तालुक्याच्या न्यायालयात पुढच्या तारखेला लिहिला जाणारा निकाल मराठीत लिहिण्यास एक दिवसही लागू नये. न्यायाधीशांनी व वकिलांनी हे मनावर घ्यावे, आणि हरणाऱ्या पक्षकारासही आपण का हरलो हे आपल्या डोळ्यांनी वाचता येईल, एवढे करावे. जिंकणाऱ्याला निकालाची भाषा एक वेळ नाही समजली तरी चालते. हरणाऱ्याला ती समजलीच पाहिजे, कारण न्यायालयावरील त्याचा विश्वास त्या कागदावरच टिकावयाचा असतो.